विषमज्वराचे निरोगी वाहक : शरीराने जंतूशी केलेला तह

सन १९०६चा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे या टुमदार गावी चार्ल्स हेन्री वॉरन या बँकरचे कुटुंब भाड्याच्या बंगल्यात सुटीसाठी आले होते. ऑगस्टच्या अखेरीस घरात तापाची साथ सुरू झाली आणि नोकरांसह राहणाऱ्या ११ जणांपैकी सहा जण विषमज्वराने अंथरुणाला खिळले. पाणी तपासले, दूध तपासले, सांडपाण्याची व्यवस्था पाहिली. दोष कोठेच सापडला नाही. घरावर डाग लागला तर पुढे भाडेकरू मिळणार नाही या चिंतेने मालकाने जॉर्ज सोपर या आरोग्य अभियंत्याला शोधासाठी नेमले. सोपर यांचे लक्ष एका गोष्टीकडे गेले. साथ सुरू होण्याच्या थोडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि साथ सुरू झाल्यावर ती काम सोडून गेली होती. ताज्या पीच फळांचे तुकडे घातलेले आइस्क्रीम हा तिच्या हातचा आवडता पदार्थ. शिजवलेल्या अन्नातील जंतू आचेने मरतात. आइस्क्रीमला आच लागत नाही.

या स्वयंपाकिणीचे नाव मेरी मॅलन. १८६९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेली आणि किशोरवयात अमेरिकेत आलेली ही बाई धडधाकट होती. आपल्याला विषमज्वर कधी झालाच नाही, असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. मात्र तिने आधी ज्या आठ कुटुंबांत काम केले होते, त्यांपैकी सात कुटुंबांत विषमज्वर शिरला असल्याचे सोपर यांनी शोधून काढले. १९०७च्या मार्चमध्ये तिला पोलिसांच्या मदतीने बळजबरीने रुग्णालयात नेण्यात आले. तिच्या शौचाच्या तपासणीत विषमज्वराचे जंतू मोठ्या संख्येने आढळले.

मेरी मॅलनची कहाणी ‘टायफॉईड मेरी’ या कुचेष्टेच्या नावाने जगभर पसरली. तिच्यातून उभा राहिलेला वैद्यकीय प्रश्न मात्र कुचेष्टेचा नाही. ज्या जंतूने इतरांना मरणाच्या दारी नेले, तो तिच्या शरीरात वर्षानुवर्षे नांदत असताना ती आजारी का पडली नाही? आणि तिची रोगप्रतिकारशक्ती इतकी सक्षम होती, तर तिने त्या जंतूचा नायनाट का केला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परविरोधी वाटली, तरी ती एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वाहकाची रोगप्रतिकारशक्ती हरलेली नसते, जिंकलेलीही नसते. तिने जंतूशी एक प्रकारचा तह केलेला असतो. या तहाने वाहकाचा जीव वाचतो. त्याची किंमत मात्र बहुधा त्याच्या पंक्तीला बसणारे मोजतात.

वाहक म्हणजे कोण?

विषमज्वर अथवा मुदतीचा ताप ‘साल्मोनेला टायफी’ या जिवाणूमुळे होतो. कार्ल एबर्थ यांनी १८८० साली या जंतूचे वर्णन केले आणि गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. दूषित पाणी आणि अन्न हे त्याच्या प्रसाराचे मार्ग. हा जंतू नैसर्गिकरीत्या फक्त माणसातच राहतो. गाय, कोंबडी, उंदीर यांच्यात त्याचा साठा नसतो. म्हणून दोन साथींच्या मधल्या काळात त्याला तग धरायचा असेल, तर माणसाच्या शरीरातच कोठेतरी आसरा शोधावा लागतो. दीर्घकालीन वाहक हा तो आसरा होय.

आजारातून उठल्यावर काही आठवडे अनेक रुग्णांच्या शौचातून जंतू बाहेर पडत राहतात. हे तात्पुरते वाहक. एक वर्ष उलटून गेल्यावरही ज्यांच्या शौचातून अथवा लघवीतून जंतू जात राहतात, त्यांना दीर्घकालीन वाहक म्हटले जाते. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी साधारण दोन ते पाच टक्के लोक या अवस्थेला पोहोचतात. त्यांत स्त्रियांचे, वयस्कर व्यक्तींचे आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते. सुमारे एक चतुर्थांश वाहकांना आपल्याला कधी विषमज्वर झाल्याचे आठवतही नाही. त्यांचा आजार इतका सौम्य असतो की साधा ताप म्हणून तो विसरला जातो. मेरी मॅलनचे म्हणणे खोटे असेलच असे नाही.

धडधाकट माणूसही रोग पसरवू शकतो, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी नवा होता. रॉबर्ट कॉख यांनी १९०२ साली विषमज्वराच्या प्रतिबंधाविषयी बोलताना पाण्याइतकेच माणसाकडेही लक्ष वेधले आणि जर्मनीच्या नैऋत्य भागात अशा व्यक्ती शोधण्याची मोहीम सुरू झाली. एक वाहक काय करू शकतो, याचे विदारक उदाहरण १९३७ साली इंग्लंडमधील क्रॉयडन येथे दिसले. पाणीपुरवठ्याच्या विहिरीत दुरुस्तीचे काम चालू असताना पाण्याचे शुद्धीकरण थांबवण्यात आले होते आणि विहिरीत उतरलेल्या कामगारांपैकी एकजण वाहक होता. तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि ४३ जणांचा मृत्यू झाला.

चोरपावलांचा प्रवेश

वाहकाच्या शरीरात पुढे काय घडते ते समजण्यासाठी जंतू आत कसा शिरतो, हे आधी पाहावे लागते. अन्नातून विषबाधा घडवणारे साल्मोनेलाचे अन्य प्रकार आतड्यात शिरताच मोठा गोंधळ उडवतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यांना लगेच ओळखतात, संरक्षक पांढऱ्या पेशींचे लोंढे धावून येतात, जुलाब सुरू होतात आणि संसर्ग सहसा आतड्यापुरता मर्यादित राहतो. विषमज्वराचा जंतू याच्या उलट वागतो. तो गाजावाजा न करता आत येतो.

यासाठी त्याच्याकडे मुख्य साधन आहे ते ‘व्हीआय’ नावाच्या शर्करामय आवरणाचे. आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांनी १९३४ साली या घटकाचा शोध लावला. जंतूच्या मारकतेशी त्याचा संबंध आहे अशा समजुतीने मारकता या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पहिली अक्षरे घेऊन त्याला नाव देण्यात आले. जंतूच्या पृष्ठभागावर असे काही रेणू असतात की ते दिसताच शरीराची धोक्याची घंटा वाजते. व्हीआय आवरण या रेणूंवर पांघरूण घालते. रक्तातील ‘पूरक प्रथिने’ जंतूवर चिकटून त्याला नष्ट करण्यासाठी खुणा करीत असतात. त्यांनाही हे आवरण अडवते. शिवाय आवरणाची निर्मिती नियंत्रित करणारे जनुक जंतूच्या शेपटीसारख्या तंतूंचे प्रथिन बनवणे आतड्याच्या भिंतीत शिरताना थांबवते, त्यामुळे ते प्रथिन ओळखणाऱ्या पहारेकऱ्यांनाही काही कळत नाही. म्हणून विषमज्वरात संसर्ग झाल्यापासून ताप येईपर्यंत एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ जातो.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिका ऊतींमधून आत शिरल्यावर हा जंतू महाभक्षी पेशींच्या पोटात जातो. जंतू गिळून पचवणे हे या पेशींचे काम. विषमज्वराचा जंतू मात्र त्यांच्या आत एक पिशवीसारखा कप्पा तयार करवून घेतो आणि सुईसारख्या यंत्रणेने स्वतःची प्रथिने पेशीत सोडून पचनाची क्रिया निष्प्रभ करतो. मग याच पेशींवर स्वार होऊन तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पोहोचतो. यकृतातून पित्ताबरोबर पित्ताशयात उतरणे त्याला अवघड नसते. दीर्घकालीन वास्तव्याची खरी कथा येथून सुरू होते.

खड्यावरचा थर

पित्त हे अनेक जिवाणूंना घातक असते. त्यातील क्षार जंतूंच्या बाह्य पटलाचे, साबणाने तेलकटपणाचे करावे तसे, विघटन करतात. साल्मोनेला हा त्याला दाद न देणाऱ्या थोड्या जिवाणूंपैकी एक. पित्ताशयात पित्तखडे असतील तर त्याला पक्का आधार मिळतो. अमेरिकेतील जॉन गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे जंतू पित्तखड्यांच्या पृष्ठभागावर ‘जैवपटल’ तयार करतात, असे दिसून आले. विहिरीच्या ओल्या पायऱ्यांवर जसा बुळबुळीत थर बसतो, तसाच हा थर असतो. जंतू शर्करा आणि प्रथिनांचे चिकट जाळे विणतात व त्यात एकमेकांना धरून राहतात. मेक्सिको सिटीतील रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या खड्यांवर असे थर प्रत्यक्ष आढळले. उंदरांना खडे होतील असा आहार देऊन केलेल्या प्रयोगांतही खडे असलेल्या उंदरांच्या पित्ताशयात जंतूंची संख्या कितीतरी अधिक भरली. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

या थराचा रोगप्रतिकारशक्तीशी निकटचा संबंध आहे. वाहकाच्या रक्तात जंतूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, विपुल असतात. पण रक्तातील प्रतिपिंड पित्ताशयाच्या पोकळीत, तेथून खड्याच्या पृष्ठभागावर आणि पुढे चिकट थराच्या आत पोहोचणे दुरापास्त असते. खडा हा शरीराचा जिवंत भाग नाही. त्यात रक्तवाहिनी नाही. जंतू गिळणाऱ्या पेशींना थराच्या बाहेरच अडावे लागते आणि प्रतिजैविकांचीही तीच गत होते. थरातील काही जंतू वेळोवेळी सुटे होतात, पित्ताबरोबर आतड्यात येतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. जंतू रक्तात शिरला, तर तेथील सज्ज प्रतिकारयंत्रणा त्याला आवर घालते. म्हणून वाहकाला सहसा ताप येत नाही. वाहकाच्या प्रतिकारशक्तीचा अंमल रक्तात चालतो. पित्ताशयाच्या आत तो चालत नाही.

बाहेर पडणारे जंतू रोज सारखे नसतात, ही आणखी एक अडचण. १९०७ ते १९०९ या काळात मेरी मॅलनच्या शौचाचे १६३ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १२० नमुन्यांत जंतू सापडले, उरलेल्यांत नाही. तिने स्वतः एका खासगी प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांत जंतू आढळले नव्हते. आपल्यावर अन्याय होतो आहे, या तिच्या समजुतीला त्यामुळे बळ मिळाले. एका नमुन्यात जंतू नाही म्हणून माणूस वाहक नाही असे म्हणता येत नाही, हे आज सर्वमान्य आहे.

पेशींच्या आतला तह

पित्तखडे नसलेल्या माणसांतही हा जंतू दीर्घकाळ टिकू शकतो. त्याचे स्पष्टीकरण महाभक्षी पेशींच्या स्वभावात आहे. विषमज्वराचा जंतू उंदरांत रोग उत्पन्न करीत नाही. म्हणून त्याचा भाऊबंद असलेला ‘साल्मोनेला टायफीम्युरियम’ वापरून उंदरांवर अभ्यास केला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेनिस मोनॅक यांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले. २००४ साली त्यांनी दाखवले की, विशिष्ट जातीच्या उंदरांत हे जंतू आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींमधील महाभक्षी पेशींत वर्षभरही टिकून राहतात आणि उंदीर वरकरणी निरोगी असतो. मात्र ‘इंटरफेरॉन गॅमा’ या संरक्षक रेणूचा परिणाम औषधाने रोखला, की दबून बसलेला संसर्ग पुन्हा उसळतो. जंतू शांत असतात ते स्वभावाने नव्हे, तर त्यांच्यावर सतत पहारा असतो म्हणून.

माणसातही या रेणूचे महत्त्व दिसते. इंटरफेरॉन गॅमाच्या यंत्रणेत जन्मजात दोष असलेल्या व्यक्तींना साल्मोनेलाच्या अन्य प्रकारांचे संसर्ग वारंवार आणि चिवटपणे होतात.

हा पहारा असूनही सर्व जंतू मरत का नाहीत? महाभक्षी पेशी सर्वच प्रसंगी सारख्या वागत नाहीत. काही लढाऊ वृत्तीच्या असतात. त्या जंतूंवर विषारी रसायनांचा मारा करतात. काही दुरुस्तीच्या कामाच्या असतात; दाह कमी करणे, जखम भरून आणणे ही त्यांची कामे. मोनॅक यांच्या गटाने २०१३ साली असे दाखवले की, दीर्घकालीन संसर्गात साल्मोनेला प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या पेशींत वस्ती करतो. या पेशी चरबीवर चालतात, त्यामुळे त्यांच्यात ग्लुकोज शिल्लक राहते आणि ते जंतूच्या उपयोगी पडते. पुढील संशोधनात असेही आढळले की, जंतू आपले एक प्रथिन पेशीत सोडून तिला लढाऊ वृत्तीकडून दुरुस्तीच्या वृत्तीकडे वळवतो. शत्रूच्या किल्ल्यातील शिबंदी फितवण्याचाच हा प्रकार.

यात आणखी एका घटकाची भर पडते. रोगप्रतिकारशक्ती अनावर झाली तर ती शरीराच्याच ऊतींची हानी करते. तिला लगाम घालण्यासाठी ‘नियामक टी पेशी’ असतात. उंदरांवरील प्रयोगांत संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात या पेशींचा दाब अधिक असतो आणि तेव्हा जंतू वाढतात. पुढे हा दाब ओसरतो व जंतू कमी होऊ लागतात. दीर्घकालीन संसर्ग हा अशा लगामाचा आणि टाचेचा खेळ असतो. शरीराने पूर्ण जोर लावला तर जंतू कदाचित संपतील, पण यकृत आणि प्लीहा यांचीही मोठी हानी होईल. काही जंतू राहू देऊन अवयव वाचवणे हा सौदा वाहकाच्या दृष्टीने वाईट नाही. निसर्गाने तो करताना शेजाऱ्याचा विचार केलेला नसतो, इतकेच.

रक्तातील खुणा

असा वाहक ओळखायचा कसा? विषमज्वराच्या निदानासाठी आपल्याकडे घराघरात माहीत असलेली विडाल चाचणी १८९६ सालापासून वापरात आहे. पण ती जंतूच्या अन्य घटकांविरुद्धची प्रतिपिंडे मोजते. जुना संसर्ग, लस, साल्मोनेलाचे इतर प्रकार यांमुळेही ती सकारात्मक येऊ शकते. वाहक शोधण्यासाठी ती फारशी कामाची नाही.

येथे पुन्हा व्हीआय आवरण महत्त्वाचे ठरते. ताज्या विषमज्वराच्या रुग्णांपैकी थोड्यांतच या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे चांगल्या प्रमाणात तयार होतात आणि कालांतराने ती ओसरतात. वाहकाच्या बाबतीत मात्र पित्ताशयातील जंतू या आवरणाचा तुटवडा कधी पडू देत नाहीत. परिणामी त्याच्या रक्तात या प्रतिपिंडांची पातळी वर्षानुवर्षे उंच राहते. फेलिक्स यांनीच १९३० च्या दशकात या गुणाचा वाहक शोधण्यासाठी उपयोग सुचवला. चिलीची राजधानी सांतियागो येथे विषमज्वराचे प्रमाण मोठे होते. तेथे केलेल्या आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश वाहक या चाचणीने ओळखता आले. उरलेले एक चतुर्थांश निसटले. जेथे विषमज्वर सर्रास आढळतो, तेथे वाहक नसलेल्या काही लोकांतही ही प्रतिपिंडे सापडतात. म्हणून ही चाचणी संशयित शोधून देते. निर्णय शौचाच्या वारंवार तपासणीनेच करावा लागतो.

वाहकाच्या रक्तातील प्रतिपिंडे ही संरक्षणापेक्षा साक्षीची भूमिका अधिक बजावतात. जंतू अजून आत आहे, एवढे ती सांगतात. त्याला बाहेर काढणे त्यांच्या आवाक्यात नसते.

काठमांडूचे पित्ताशय, वाराणसीची चिंता

दक्षिण आशियात हा प्रश्न किती जिवंत आहे, हे काठमांडूतील एका अभ्यासातून कळते. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या १,३७७ रुग्णांच्या पित्ताची तेथे तपासणी करण्यात आली. २४ जणांच्या पित्तात विषमज्वराचा जंतू, तर २२ जणांच्या पित्तात त्याचा जवळचा नातलग पॅराटायफी ‘अ’ सापडला. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२० मध्ये काठमांडूतील अशा जंतूंच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा पित्ताशयातील वास्तव्यात जंतू बदलत असल्याचे दिसले. व्हीआय आवरणाच्या आणि बाह्य पटलाच्या जनुकांत उत्परिवर्तने साचली होती. ज्या आवरणाच्या बळावर जंतू शरीरात शिरला, त्याच आवरणावर दीर्घ मुक्कामात प्रतिकारशक्तीचा रोख असतो. तेव्हा तेथेच बदल दिसावेत हे सुसंगत आहे.

तहाची किंमत केवळ इतरांनाच मोजावी लागते, असेही नाही. दीर्घकालीन दाह हा कर्करोगाला पोषक ठरतो. उत्तर भारतातील गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे आणि वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी विषमज्वराच्या वाहकांशी असलेला त्याचा संबंध तपासला. नेदरलँड्समधील जाक नीफ्येस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आधीच काही जनुकीय बिघाड असलेल्या पेशींना साल्मोनेला कर्करोगाच्या दिशेने ढकलू शकतो, असे प्रयोगाने दाखवले. त्यात भारतीय रुग्णांचे नमुनेही तपासले गेले होते. प्रत्येक वाहकाला कर्करोग होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. तथापि वर्षानुवर्षांचा संसर्ग ‘निरुपद्रवी’ समजण्याची चूक करू नये, एवढे निश्चित.

उपचाराचा पेच

मेरी मॅलनला पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला होता. त्या काळी ही शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकत होती आणि तिने नकार दिला. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर गुणकारी ठरले. मृत्यू कमी झाले, मात्र वाहकाच्या पित्ताशयातील जंतूंवर त्याचा उपयोग होत नसे. पुढे अँपिसिलिनचे दीर्घ उपचार आणि १९८० च्या दशकापासून फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांचे सुमारे चार आठवड्यांचे उपचार बऱ्याच वाहकांना जंतुमुक्त करू लागले. ही औषधे पित्तात चांगली उतरतात, हे त्यांच्या यशाचे एक कारण. खडे असल्यास औषधाबरोबर शस्त्रक्रियाही करावी लागते आणि तरीही काहींच्या यकृतातील पित्तनलिकांत जंतू शिल्लक राहतात.

आता पेच असा आहे की, भारतीय उपखंडातील विषमज्वराचे जंतू फ्लुरोक्विनोलोन औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेला प्रकार तर बहुतेक सर्व नेहमीच्या औषधांना निगरगट्ट ठरला. वाहकांसाठी सर्वांत उपयुक्त ठरलेले हत्यारच बोथट होत आहे. मनाने प्रतिजैविके घेण्याची आणि ताप उतरताच ती सोडण्याची सवय या संकटात भर घालते.

नवी मुंबईतून मिळालेला धडा

अशा परिस्थितीत संसर्ग मुळातच टाळणे हाच शहाणपणाचा मार्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात विषमज्वराचे सुमारे ९० लाख रुग्ण होते आणि १ लाख १० हजार मृत्यू झाले. जुन्या व्हीआय लसीत केवळ शर्करामय आवरण असे. अशा शर्करेला लहान मुलांची रोगप्रतिकारशक्ती नीट प्रतिसाद देत नाही. त्याच शर्करेला धनुर्वाताच्या विषापासून बनवलेले निर्विष प्रथिन जोडले, की टी पेशी मदतीला येतात, प्रतिसाद बळकट होतो आणि स्मृतीही टिकते. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केलेल्या अशा संयुग्मित लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली आणि २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ती नऊ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांना देण्याची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमात ही लस वापरण्याचा जगातील तो पहिला प्रयत्न होता. पुढे नेपाळमधील चाचणीत या लसीने मुलांमध्ये सुमारे ८० टक्के संरक्षण दिल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक विलक्षण गुंतागुंत निर्माण होते. लस ज्या व्हीआय आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, तीच प्रतिपिंडे वाहक ओळखण्याची खूण आहेत. लसीकरण व्यापक झाले की रक्तातील ही खूण वाहकाची की लसीची, हे सांगता येणार नाही. त्यामुळे जंतूच्या इतर प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे किंवा रक्तातील अन्य रासायनिक खुणा वापरून वाहक ओळखण्याच्या पद्धती शोधल्या जात आहेत. लस नवे रुग्ण आणि त्यातून होणारे नवे वाहक कमी करील. आज जे वाहक आहेत त्यांच्या पित्ताशयातील थराला ती धक्का लावील, असे मात्र समजण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे प्रतिपिंडे आधीच भरपूर आहेत. उणीव आहे ती तेथवर पोहोचण्याची.

दोष कोणाचा?

मेरी मॅलनला १९१० साली ‘पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही’ या अटीवर सोडण्यात आले. धुण्याच्या कामात पोट भरेना म्हणून ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ साली न्यूयॉर्कच्या स्लोन प्रसूती रुग्णालयात २५ जणांना विषमज्वर झाला, दोघांचा मृत्यू झाला. तेथील स्वयंपाकीण मेरी मॅलन होती. तिला पुन्हा नॉर्थ ब्रदर बेटावर नेण्यात आले. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी तिचा मृत्यू झाला तेव्हा तिच्या आयुष्याची सुमारे २६ वर्षे विलगीकरणात गेली होती. तोवर न्यूयॉर्कमध्ये चारशेहून अधिक वाहकांची नोंद झाली होती. त्यांना तिच्यासारखे जन्मभर डांबण्यात आले नाही. इंग्लंडमधील एप्सम येथील लाँग ग्रोव्ह मनोरुग्णालयातही विषमज्वराच्या वाहक स्त्रियांना दशकानुदशके वेगळे ठेवल्याचे बीबीसीने २००८ मध्ये उजेडात आणले.

या स्त्रियांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. त्यांच्या शरीराने जंतूशी केलेल्या तहाची त्यांना कल्पनाही नव्हती. स्लोन रुग्णालयात मेलेल्या दोघांनीही काही गुन्हा केला नव्हता. या दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा, तर वाहकाला कोंडण्यापेक्षा त्याची तपासणी, उपचार आणि गरज पडल्यास पर्यायी रोजगार यांची व्यवस्था करणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. भारतात २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या आजारांविरुद्ध लसीकरण अपेक्षित धरले आहे. खानावळी, उपाहारगृहे, लग्नकार्यातील आचारी, शाळांमधील पोषण आहार शिजवणाऱ्या बाया या सर्वांपर्यंत ते प्रामाणिकपणे पोहोचणे महत्त्वाचे. ‘वाहक’ ठरलेल्या माणसाची रोजीरोटी गेली, तर पुढचा वाहक तपासणीला येणारच नाही.

शुद्ध पाणी, बंदिस्त सांडपाणी, शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने धुतलेले हात ही साधने जुनी असली तरी वाहकाच्या पित्ताशयातून निघालेल्या जंतूची दुसऱ्याच्या ताटापर्यंतची वाट तीच अडवतात. शरीराच्या आतला तह मोडणे अजून वैद्यकाला पूर्णपणे साधलेले नाही. त्याची झळ दुसऱ्यापर्यंत पोहोचू न देणे मात्र माणसाच्या हाती आहे.